गाळलेल्या जागेचे मर्म

'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न ज्याने कधीच सोडवला नाही, असा मराठी विद्यार्थी विरळा. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसालाही तो आठवतो. पुस्तकातले एखादे वाक्य जसेच्या तसे उचललेले असे, त्यातला एक शब्द काढून टाकलेला असे आणि ज्याने धडा पाठ केला असेल त्याला तो शब्द बिनचूक आठवत असे. ती खरे पाहता स्मरणशक्तीची परीक्षा होती. पुढे वयाच्या पंचविशीत वा पस्तिशीत नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी इंग्रजीची स्पर्धा परीक्षा देण्याची वेळ येते, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. त्याचे रूप ओळखीचे असते. स्वभाव मात्र पार बदललेला असतो. आता वाक्य पूर्वी कधीही न वाचलेले असते आणि त्याखाली चार किंवा पाच पर्याय दिलेले असतात. उत्तर स्मरणात शोधायचे नसते. ते समोरच्या वाक्यातच दडलेले असते. हा बदल ध्यानात न आल्यामुळे कित्येक कष्टाळू परीक्षार्थी चुकीच्या वाटेवर वर्षे खर्ची घालतात.

ती वाट म्हणजे शब्दांच्या याद्या पाठ करण्याची. दिवसभर दुकानात, कारखान्यात किंवा घरकामात राबल्यानंतर रात्री वही उघडायची, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ लिहायचा, रोज वीस-पंचवीस शब्दांचा रतीब घालायचा, असा अनेकांचा क्रम असतो. या मेहनतीविषयी आदरच बाळगायला हवा. परंतु परीक्षेत पर्यायांतले शब्द ओळखीचे निघूनही उत्तर चुकते, तेव्हा मन खचते आणि इंग्रजी आपल्या नशिबीच नाही, असे वाटू लागते. दोष नशिबाचा नसतो, बुद्धीचा तर नसतोच. तो तयारीच्या दिशेचा असतो. यादीतला शब्द एकटा असतो, वाक्यातला शब्द मात्र नातेसंबंधांत राहतो. ज्याने शब्दांची नाती पाहिली नाहीत, त्याला नुसती नावे पाठ असून उपयोग होत नाही.

या प्रश्नप्रकाराचा इतिहास पाहिला म्हणजे त्यामागचा हेतू स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात शाळेच्या सलग तासांमुळे मुलांचे मन कितपत थकते, हा प्रश्न चर्चेत होता. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. स्मरणशक्तीवरील प्रयोगांसाठी ख्यातनाम असलेले मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी त्या मुलांसाठी एक नवी चाचणी तयार केली. काही शब्द आणि शब्दांचे काही भाग गाळलेला उतारा मुलांनी अर्थ लागेल अशा रीतीने पूर्ण करायचा होता. १८९७ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. विखुरलेल्या तुकड्यांतून अर्थपूर्ण असे एक अखंड चित्र उभे करणे, हे बुद्धीचे खरे काम होय, असा त्यांचा विचार होता. स्मरणशक्तीच्या या थोर अभ्यासकाला गाळलेल्या जागेतून स्मरणाहून वेगळे असे काही तपासायचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचे शब्द गाळण्याची पद्धत मांडली आणि तिला 'क्लोझ' हे नाव दिले. अपुरी आकृती मनातल्या मनात पूर्ण करून पाहण्याच्या मानवी प्रवृत्तीवरून ते नाव आले. एखादा मजकूर वाचायला किती सोपा वा अवघड आहे, हे त्यांना मोजायचे होते. आज आपल्याकडील कर्मचारी निवड आयोगाच्या आणि बँक भरतीच्या परीक्षांत 'क्लोझ टेस्ट' या नावाने जो उतारा येतो, त्याचे मूळ येथे आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतली जाणारी 'सॅट' ही परीक्षा १९२६ मध्ये प्रथम झाली. तिच्यात झालेले बदल फार बोलके आहेत. सुट्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारणारे प्रश्न तिने १९९४ मध्ये वगळले. शब्दांच्या जोड्यांतील नाते ओळखण्याचे प्रश्न २००५ मध्ये गेले. सुट्या वाक्यांतील गाळलेल्या जागांचे प्रश्नही २०१६ मध्ये गेले आणि दुर्मीळ शब्दांऐवजी नेहमीच्या शब्दांचा संदर्भानुसार अर्थ विचारण्यावर भर आला. ही परीक्षा २०२३ मध्ये इतर देशांत आणि २०२४ मध्ये अमेरिकेत संगणकावर घेतली जाऊ लागली, तेव्हा गाळलेली जागा परत आली. पण ती छोट्या उताऱ्याच्या कुशीत बसून आली. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या 'जीआरई' परीक्षेनेही ऑगस्ट २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. आता तेथे एकाच उताऱ्यात तीनपर्यंत जागा गाळलेल्या असतात आणि सर्व जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतात. दुसऱ्या एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात की, कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. परीक्षा घेणाऱ्या संस्थाच सुट्या शब्दाकडून संदर्भाकडे निघाल्या असताना परीक्षार्थ्याने मात्र यादीला बिलगून राहावे, हे शहाणपणाचे नव्हे.

वाक्यात उत्तर दडलेले असते म्हणजे नेमके काय, हे मराठीतच पाहता येईल. 'यंदा पावसाने ओढ दिली, त्यामुळे ज्वारीचे भाव...' एवढे ऐकताच कोणताही शेतकरी 'चढले' असे म्हणेल. 'यंदा पावसाने ओढ दिली, तरी ज्वारीचे भाव...' असे म्हटले तर तोच शेतकरी 'स्थिर राहिले' असे काही म्हणेल. पाऊस तोच, ज्वारी तीच. बदलला तो एक चिमुकला शब्द. 'त्यामुळे'ने वाक्य सरळ पुढे नेले, 'तरी'ने त्याला वळण दिले. इंग्रजीत 'बिकॉज', 'सो', 'देअरफोर' हे सरळ नेणारे शब्द आहेत, तर 'ऑल्दो', 'बट', 'डिस्पाइट', 'हाउएव्हर' हे वळवणारे. हे पंधरा-वीस शब्द ज्याला पक्के ठाऊक आहेत, त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगाच आलेला असतो. विरामचिन्हांचेही असेच आहे. 'द रूम वॉज' यानंतर रिकामी जागा, मग अपूर्णविराम आणि पुढे 'देअर वॉज नॉट इव्हन अ चेअर इन इट', म्हणजे तेथे एक खुर्चीसुद्धा नव्हती, असे असेल तर अपूर्णविरामानंतरचा भाग आधीच्या भागाचा खुलासा करतो. खोली रिकामी होती, हे चिन्हानेच सांगून टाकले.

म्हणून जाणता परीक्षार्थी आधी पर्याय पाहत नाही. तो पर्यायांवर हात ठेवून वाक्य अखेरपर्यंत वाचतो, वळणाचा शब्द शोधतो, रिकाम्या जागी आपल्याच मनातला एखादा साधा शब्द घालून पाहतो, मग तो मराठी असला तरी चालतो, आणि त्यानंतरच पर्यायांकडे वळतो. उदाहरणार्थ, 'ऑल्दो द क्लर्क स्पोक व्हेरी लिटल अॅट होम, ही वॉज क्वाइट' यानंतर जागा रिकामी आहे आणि पुढे 'अमंग हिज फ्रेंड्स' असे शब्द आहेत. पर्याय आहेत सायलेंट, पंक्चुअल, ऑनेस्ट आणि लोक्वेशस. जो आधी पर्याय पाहतो, त्याला कमी बोलण्याशी जुळणारा 'सायलेंट' हा शब्द चटकन मोह घालतो. तो मोह घालण्यासाठीच तेथे ठेवलेला असतो. जो 'ऑल्दो' वाचतो, त्याला कळते की घरी अबोल असणारा हा कारकून मित्रांत बोलका असला पाहिजे. मग 'सायलेंट' उलट अर्थाचा म्हणून बाद होतो. वक्तशीरपणाचा आणि प्रामाणिकपणाचा बोलण्याशी संबंध नाही, म्हणून 'पंक्चुअल' आणि 'ऑनेस्ट' बाद होतात. उरतो 'लोक्वेशस'. हा शब्द जन्मात ऐकला नसला तरी तोच उत्तर आहे, हे खात्रीने सांगता येते. शिवाय त्याचा अर्थ बडबड्या, वाचाळ असा असला पाहिजे, हेही वाक्यानेच शिकवलेले असते.

येथे मराठी विद्यार्थ्याला एक सावधगिरी बाळगावी लागते. मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतो. इंग्रजीत 'ऑल्दो' एकटाच पुरेसा असतो. त्याच्या जोडीला 'बट' वापरण्याची चूक मराठी वळणामुळे होते. दुसरे असे की मराठीत वाक्याचा निवाडा बहुधा शेवटच्या क्रियापदात होतो आणि 'नाही' हा शब्दही तेथेच भेटतो. इंग्रजीत क्रियापद आणि नकार लवकर येऊन जातात. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो नकार निसटतो आणि सगळा अर्थ उलटा होतो.

शब्दांच्या छटा हा दुसरा भाग. 'आजीने मोठ्या काटकसरीने संसार केला आणि दोन्ही मुलींना शिकवले' या वाक्यात 'कंजूषपणाने' हा शब्द कोणी घालणार नाही. दोन्ही शब्दांत कमी खर्चाचा अर्थ आहे, पण एकात गौरव आहे आणि दुसऱ्यात निंदा. इंग्रजीतील 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' यांच्यात नेमका हाच भेद आहे. यादीत दोहोंसमोर 'कमी खर्च करणारा' एवढेच लिहिलेले असेल, तर परीक्षेत फसगत ठरलेली. तसेच शब्दांचे सोबतीही ठरलेले असतात. मराठीत पाऊस पडतो, थंडी वाजते, भूक लागते, झोप येते. चहा कडक असतो, इंग्रजीत मात्र तो 'स्ट्राँग' होतो. कडक म्हणजे 'हार्ड' असा अर्थ पाठ केलेल्याने 'हार्ड टी' म्हटले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. या सोबतीमागे प्रत्येक वेळी तर्क सापडेलच असे नाही. ती वाचून आणि ऐकूनच अंगवळणी पडते.

शब्दांची घडण ओळखता आली, तर मदत जरूर होते. मराठीत 'सु' आणि 'दुर्' या उपसर्गांवरून सुदैव आणि दुर्दैव कळते. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला 'बेने' चांगल्याचा आणि 'मॅल' वाईटाचा सूचक आहे. 'बेनिफिट' ज्याला ठाऊक आहे त्याला 'बेनेव्हलंट', आणि 'मॅलन्युट्रिशन' म्हणजे कुपोषण ज्याला ठाऊक आहे त्याला 'मॅलेव्हलंट' हे शब्द फारसे परके वाटणार नाहीत. पण ही युक्तीही डोळे झाकून वापरण्याची नाही. रस्त्यावरील इंधनाच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' असे लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नकार असे समजून कोणी त्याचा अर्थ 'पेट न घेणारे' असा केला, तर तो जीवावरच बेतेल. कारण त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजेही कवडीमोलाचे नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे. आपला 'अमूल्य' हा शब्द याच घडणीचा आहे. घडण दिशा दाखवते, निर्णय मात्र वाक्यानेच द्यायचा असतो.

अंदाजाने खूण करण्याविषयीही विचार व्हायला हवा. बँक भरतीच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो. एका गुणाच्या आणि पाच पर्यायांच्या पाच प्रश्नांवर डोळे झाकून खुणा केल्या, तर सरासरीने एक उत्तर बरोबर येते आणि चार चुकतात. एक गुण मिळतो, चार वेळा पाव म्हणजे एक गुण जातो. हाती शून्य उरते. याउलट वाक्य नीट वाचून तीन पर्याय खात्रीने बाद केले आणि उरलेल्या दोनांतून एक निवडला, तर अशा दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येतो, एक चुकतो आणि पाऊण गुण पदरात पडतो. नशिबाचा जुगार आणि विचारपूर्वक केलेली निवड यांतले अंतर हे असे आकड्यांतही दिसते.

या परीक्षांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी बोलणे आहे, त्यांना हे प्रश्न सोपे जातात. ज्यांनी ही भाषा केवळ शाळेच्या फळ्यावर पाहिली, त्यांना ते अवघड जातात. मग ही बुद्धीची परीक्षा म्हणावी की परिस्थितीची? 'सॅट' तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये एका पुस्तकात, अमेरिकी सैन्यात घेतलेल्या चाचण्यांच्या आधारे, निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांच्या बुद्धीची उतरंड लावली होती. १९३० मध्ये मात्र त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार ठरवून मागे घेतले. ज्यांना एखादी भाषा आत्मसात करण्याची समान संधी मिळालेली नाही, त्यांची त्या भाषेतील चाचणीवरून तुलना करता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. इंग्रजीत कमी गुण मिळाल्यामुळे स्वतःला कमी लेखणाऱ्या प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याने ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी. परीक्षेतले गुण त्या भाषेच्या सरावाचे माप असतात. माणसाच्या बुद्धीचे नव्हे. परंतु आक्षेप खरा असला, तरी त्यामुळे परीक्षा टळत नाही. संधी कमी मिळाली असेल तर सराव अधिक नेमका असावा लागतो, इतकाच त्याचा व्यवहारातील अर्थ.

आणि प्रौढ विद्यार्थी अगदी रिकाम्या हातांनी येत नाही. त्याच्याजवळ जगण्याचा अनुभव असतो. वीजबिलावरची 'ड्यू डेट', औषधाच्या पाकिटावरची 'एक्स्पायरी', बँकेतील 'नॉमिनी' आणि 'इन्स्टॉलमेंट' हे शब्द त्याने व्यवहारात वापरलेले असतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेळगाव येथील मराठी घरांत तर माणूस रोज दोन-तीन भाषांत वावरतो. बाजारात एखादा शब्द अडला तर तो शब्दकोश उघडत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा, समोरची वस्तू आणि पुढचे वाक्य यांवरून अर्थ ताडतो. गाळलेली जागा भरण्याची विद्या ती हीच. बाजारात जी सहज चालते, ती परीक्षेत भीतीमुळे गोठून जाते, एवढेच.

ती मोकळी करण्याचा उपाय वाचन हाच आहे आणि तो फारसा महागडा नाही. एखाद्या घटनेची बातमी आधी मराठी वृत्तपत्रात वाचावी आणि मग तीच इंग्रजी वृत्तपत्रात वाचावी. काय घडले हे आधीच ठाऊक असल्यामुळे अनोळखी शब्द आपला अर्थ आपणच सांगू लागतात. वहीत सुटा शब्द न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे. आठवड्याने त्याच वाक्यातील तो शब्द झाकून स्वतःलाच विचारावा. रोज वीस शब्द घोकून आठवड्यात पंधरा विसरण्यापेक्षा, रोज तीन वाक्ये समजून घेऊन ती टिकवणे अधिक लाभाचे ठरते.

या सरावाचे मोल परीक्षेच्या निकालावर संपत नाही. बँकेचा कर्जकरार, विम्याची पॉलिसी, घरभाड्याचा कागद किंवा नोकरीचे नियुक्तिपत्र पुष्कळदा इंग्रजीतच हाती येते. त्यातले मोठे शब्द माणसाला घाबरवतात, पण त्याला अडचणीत आणतात ते छोटेच शब्द. 'अनलेस', 'एक्सेप्ट', 'प्रोव्हायडेड दॅट' अशा एखाद्या शब्दामागे एक अट उभी असते आणि ती न वाचता केलेली सही पुढे महागात पडते. परीक्षेतल्या 'ऑल्दो'पाशी थांबायला जो शिकला, तो करारातल्या 'अनलेस'पाशीही थांबतो आणि सही करण्यापूर्वी ते वाक्य पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचतो.